आरमाराचीं पदें आणि घाटाखालचीं दप्तरें

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास आजवर बहुधा किनाऱ्यावर उभें राहून लिहिला गेला आहे. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हीं नांवें सर्वांस परिचित आहेत; सरखेल कान्होजी आंगरे व आनंदराव धुळप यांचे पराक्रमही पुष्कळांनीं वर्णिले आहेत. परंतु जहाज हें समुद्रांत जन्मास येत नाहीं. त्याचें लांकूड रानांत वाढतें, लोखंड लोहाराच्या भात्यापाशीं घडतें, त्यावरील माणसांचें धान्य शेतकऱ्याच्या खळ्यांतून येतें, आणि या सर्वांचा हिशेब कोणा कारकुनाच्या बैठकीवर लिहिला जातो. सबब आरमार म्हणजे केवळ लढाऊ खलाशांचा मेळा नव्हे. तो निरनिराळ्या विद्या जाणणाऱ्या पदांचा एक संसार आहे, व त्यांतील निम्मीं पदें जमिनीवर आहेत. हीं पदें कोणतीं, त्यांचीं कामें काय, आणि त्यांचे कागद कर्जत-खालापुरासारख्या घाटाखालच्या तालुक्यांत कां शोधावेत, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

हा विषय आजच मांडण्यास कारण आहे. या दोन तालुक्यांतील जमिनी गेल्या कांहीं दशकांत झपाट्यानें हस्तांतरित होत आहेत. जुने वाडे मोडून तेथें सुटीचीं घरें उठत आहेत. वाडा मोडतांना तुळया व कोरीव खांब यांस गिऱ्हाईक मिळतें. मोडी कागदांच्या रुमालांस मिळत नाहीं. हे कागद चाळणारा बहुधा वतन, इनाम किंवा एखादी सनद शोधीत असतो. लांकूडतोड, वेठ, वरात व धान्याची पोंच अशा किरकोळ यादी तो बाजूस टाकतो. आरमाराचा जमिनीवरील अर्धा इतिहास असला तर नेमका अशाच टाकाऊ यादींत असावयाचा.

१. देशस्थिति

प्रथम भूगोल पाहूं. कर्जत व खालापूर हे तालुके आज रायगड जिल्ह्यांत मोडतात. १८८२ सालच्या ग्याझेटियरांत कर्जतचें वर्णन ठाणें जिल्ह्यांत आहे. पुढें हा मुलूख कुलाबा जिल्ह्यांत गेला, आणि त्या जिल्ह्याचें नांव १९८१ पासून रायगड झालें. दप्तर शोधणाऱ्यानें हा फेरफार ध्यानांत ठेवावा, कारण एकाच गांवाचे कागद दोन जिल्ह्यांच्या नांवें नोंदलेले असूं शकतात.

या दोन तालुक्यांस समुद्रकिनारा नाहीं. तथापि दोन्हींचें पाणी बंदरांकडेच जातें. राजमाचीच्या खोऱ्यांतून उतरणारी उल्हास नदी कर्जतवरून व नेरळच्या बाजूनें कल्याणास जाते व पुढें वसईच्या खाडीस मिळते. खंडाळ्याच्या उतारावरील पाणी घेऊन पाताळगंगा खोपोली व खालापूर यांवरून आपट्याकडे व तेथून धरमतरच्या खाडीकडे वळते. माथ्यावरून बोरघाट व कुरवंड्याचा घाट उतरतात. म्हणजे देशावरील धान्य, सह्याद्रीचें साग व ऐन, आणि खाडीचें बंदर या तिन्हींची गांठ येथें पडते. आरमार उभें करूं पाहणाऱ्या सत्तेस हा मुलूख पाठीच्या कण्यासारखा होता.

२. गोदींतील कारागीर व उंबरखिंड

शिवछत्रपतींनीं इ. स. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी घेतली आणि तेथेंच जहाजें बांधण्यास आरंभ केला. या कामावर रुई लैतांव व्हिएगस नांवाचा पोर्तुगीज व त्याचा पुत्र हे नेमले होते. त्यांच्या हाताखालीं पोर्तुगीज व इतर मिळून बायकामुलांसह सुमारें ३४० माणसें होतीं. १६५९ च्या सुमारास वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांस भय वाटूं लागलें, कीं आज सिद्दीवर जाणारीं हीं जहाजें उद्यां आपल्यावर येतील. त्यांनीं आंतून बोलणें लावून हीं सर्व माणसें फोडलीं व तीं चाकरी सोडून निघून गेलीं.

या प्रसंगांत आरमाराच्या पदव्यवस्थेचें मूळ आहे असें आम्हांस वाटतें. घोडदळांतील शंभर स्वार निघून गेले तर दुसरे शंभर मिळतात. पण पाण्याखालच्या भागाची फळी कशी वांकवावी, तिचे सांधे कसे बुजवावे, डोलकाठी कोठें रोवावी, हें जाणणारा गेला तर सांगाडा तसाच कुजत पडतो. विद्या परकीयाच्या हातीं ठेवली कीं आरमारही परकीयाच्या मर्जीवर राहतें. यापुढील वीस वर्षांत कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी इत्यादि किनाऱ्यावरील जातींची माणसें आरमारांत भरती होऊन मानाच्या पदांस चढलीं, तें या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर पाहावें.

याच काळांत खालापूर तालुक्याचा या कथेशीं संबंध येतो. शाएस्तेखानानें कोंकण घेण्यास पाठविलेला कारतलबखान फेब्रुवारी १६६१ च्या आरंभीं कुरवंड्याच्या बाजूनें घाट उतरूं लागला, तों उंबरखिंडीच्या रानांत महाराजांनीं त्यास कोंडलें. पाण्यावांचून तळमळणाऱ्या त्या फौजेस खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. चावणीजवळची ही खिंड आज सर्वांस माहीत आहे. परंतु हा विजय केवळ गनिमी काव्याचें उदाहरण म्हणून सांगितला जातो. कारतलबखानाचें लक्ष्य जें उत्तर कोंकण, त्यांतच कल्याण-भिवंडीची नवी गोदी होती. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत मोगलांनीं कल्याण अखेर घेतलें, ही गोष्ट खरी. तरी फेब्रुवारींतील त्या एका दिवसानें महाराजांस जो अवकाश मिळाला, त्याचा हिशेब आरमाराच्या इतिहासांतही मांडला पाहिजे.

३. पाण्यावरील पदें

आतां पदांकडे वळूं. ‘आरमार’ हा शब्दच पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’ पासून आला आहे, आणि जहाजांवरील पुष्कळ शब्द अरबी-फारसी आहेत. यावरून ही विद्या किती बंदरांचें पाणी प्यालेली आहे तें दिसतें.

आरमाराच्या विभागास ‘सुभा’ म्हणत व त्याच्या मुख्यास सुभेदार किंवा सरसुभेदार. जिंजीस १६९७ सालीं लिहिलेल्या आपल्या बखरींत सभासद दोनशें जहाजांचा एक सुभा सांगतो, व दर्यासारंग आणि मायनाक भंडारी यांस सुभेदार म्हणतो. रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रें इ. स. १७१६ च्या सुमाराचीं. त्यांत एका सुभ्यास पांच गुराबा व पंधरा गलबतें एवढाच बेत आहे. दोन आंकड्यांत दसपट अंतर आहे. आमच्या मतें सभासद लहानमोठें प्रत्येक तारूं मोजतो, आणि अमात्य केवळ लढाऊ जहाजांचा नेमस्त ताफा सांगतात. सुभा हा शब्द पाहून एकच संख्या गृहीत धरणें म्हणूनच धोक्याचें आहे.

‘सरखेल’ हें सर्व आरमाराच्या अधिपतीचें पद. राजारामकालीं सिधोजी गुजर यांजकडे तें होतें. पुढें कान्होजी आंगऱ्यांकडे आलें व त्यांच्या घराण्याचें भूषण झालें. ‘दर्यासारंग’ हा किताब आहे, जन्मनांव नव्हे. परंतु तत्कालीन पत्रांत तो इतक्या सहजतेनें नांवाच्या जागीं येतो, कीं वाचणारा फसतो. एका दर्यासारंगाची हकीकत दुसऱ्याच्या पदरीं बांधण्यापूर्वीं सालाचा मेळ पाहावा.

जहाजावर प्रत्यक्ष हुकूम चालवी तो सारंग वा तांडेल. कंपनीच्या चाकरींत सारंग वर व तांडेल खालीं असा क्रम दिसतो. मराठी प्रचारांत तांडेल हा पुष्कळदां जहाजाचा मुख्यच असतो. व्यापारी तारवाच्या मुख्यास नाखवा म्हणत. त्यांच्या हाताखालीं सुकाणू धरणारा, शिडें व दोर ओढणारे खलाशी, वल्हीं मारणारे, आणि सुतार. सुतार हा जहाजावरचा वैद्यच समजावा. तोफेचा गोळा लागून पाण्याच्या रेषेखालीं भोंक पडलें, तर सारंगाचें शौर्य व गोलंदाजाचा नेम या दोहोंपेक्षां सुताराची खुंटी अधिक कामास येई.

लढणाऱ्यांत गोलंदाज व शिपाई हे दोन निराळे वर्ग. गोलंदाजी ही दुर्मिळ विद्या असल्यामुळें आंगऱ्यांच्या चाकरींत युरोपियन तोफची आढळतात. मॅन्युएल दि कास्त्रो हा पोर्तुगीज आंगऱ्यांकडून इंग्रजांकडे गेला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शिपायाचें काम शत्रूच्या जहाजास जहाज भिडल्यावर सुरू होई. ८ एप्रिल १७८३ रोजीं रत्नागिरीजवळ आनंदराव धुळपांच्या आरमारानें इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज काबीज केलें, तेव्हां लढाईचा निकाल अशाच हातघाईनें लागला.

या पदांचा मेळ जहाजांच्या जातीवरून कळतो. ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें आंगऱ्यांच्या ताफ्याचें वर्णन केलें आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची व दोहोंची सुमारें १५० टनांची. गलबत क्वचितच ७० टनांवर जाई. त्यास चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला म्हणजे गलबतें गुराबेस दोरानें ओढून शत्रूच्या पिछाडीस नेऊन ठेवीत, व मग गुराबेच्या तोंडाच्या तोफा चालत. म्हणजे एका हल्ल्यास वल्हेकरी, दोर बांधणारा, सुकाणूवाला, गोलंदाज व शिपाई असे पांच प्रकारचे लोक आपापल्या क्षणीं तयार लागत. यांपैकीं एकही चुकला तर बाकीचे चार व्यर्थ.

४. जमिनीवरील पदें

पाण्यावरील पदें एवढ्यानें संपलीं. जमिनीवरचीं पदें अधिक आहेत, आणि तींच दुर्लक्षित राहिलीं आहेत. मराठी राज्यांतील इतर कारखान्यांप्रमाणें आरमारासही जमाखर्च, हजिरी, भांडार व पत्रव्यवहार पाहणारे फडणीस, मजमदार, सबनीस, कारखाननीस असे दरकदार लागत. त्याखेरीज लांकूड निवडणारे, तें तोडून वाहणारे, लोहार, दोर वळणारे, शिडें शिवणारे, दारूगोळा सांभाळणारे असे हात लागत.

या मंडळींवांचून काय होई, हें इ. स. १६७५ च्या एका सुप्रसिद्ध पत्रावरून दिसतें. पद्मदुर्गाच्या बाजूस आरमार घेऊन जाण्यासाठीं दौलतखान व दर्यासारंग यांस पैका व धान्य द्यावें म्हणून प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याजवर वराता केल्या होत्या. त्यानें त्या वेळेवर भागविल्या नाहींत. आरमार अडून राहिलें, आणि तिकडे पद्मदुर्ग हबशाच्या तोंडीं होता. महाराजांनीं त्यास लिहिलेलें पत्र इतकें कठोर आहे, कीं शत्रूशीं संधान बांधल्याचा संशयही त्यांत स्पष्ट बोलून दाखविला आहे. पत्राचें तात्पर्य असें, कीं धान्याची वरात अडविणारा मुलकी सुभेदार आणि शत्रूस मिळालेला तांडेल यांत महाराज फारसा भेद मानीत नव्हते. तोफेजवळ उभा असलेला गोलंदाज जितका आरमारी, तितकाच कोठारापाशीं बसलेला कारकूनही आरमारी होता.

याच्या उलट उदाहरण खांदेरीचें. १६७९ सालीं मायनाक भंडाऱ्यानें बेटावर तट उभारण्यास आरंभ केला आणि मुंबईकर इंग्रजांनीं बेटाची नाकेबंदी केली. १८ आक्टोबर रोजीं दौलतखानाच्या ताफ्यानें इंग्रजांचें ‘डव्ह’ नांवाचें तारूं पकडलें. परंतु बेट टिकलें तें मुख्यतः लहान होड्यांच्या जिवावर. त्या रात्रीच्या अंधारांत इंग्रजांच्या मोठ्या जहाजांमधून निसटून रसद पोंचवीत. जानेवारी १६८० मध्यें इंग्रजांस तह करावा लागला. तेथेंही निर्णय रसदेनेंच लावला.

लांकडाविषयीं आज्ञापत्रांतील आरमाराचें प्रकरण अत्यंत महत्त्वाचें आहे. साग वगैरे जें लांकूड उपयोगी, तें हुजूरच्या परवानगीनें तोडावें, अधिक लागेल तें परमुलुखांतून खरेदी करावें. आंबा व फणस हीं झाडेंही आरमाराच्या कामाचीं, परंतु रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असल्यानें त्यांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें न्यावें, असा त्याचा आशय आहे. हा मजकूर हल्लीं सर्रास शिवछत्रपतींचें पत्र म्हणून उद्धृत होतो. तो अमात्यांच्या ग्रंथांतील आहे, व त्यांत शिवकालीन धोरणाचा वारसा आहे, असें म्हणणें अधिक शुद्ध होईल. संग्राहकांस त्याचा उपयोग असा, कीं या नियमाप्रमाणें व्यवहार झाला असेल तेथें तीन प्रकारचे कागद संभवतात: तोडीची परवानगी, झाडाच्या किंमतीची पावती, आणि रयतेची तक्रार. हे तिन्ही रानाजवळच्या गांवांत, पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरांत, निर्माण होणारे आहेत, बंदरांत नव्हेत.

या संदर्भांत राजमाचीचें उदाहरण विचारांत घेण्याजोगें आहे. कान्होजी आंगऱ्यांनीं १७१३ सालीं हा किल्ला घेतला. पुढें बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें १७१४ मध्यें जो समेट झाला, त्यांत आंगऱ्यांस दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणीं, सरखेलीचें पद व आरमाराचा अधिकार मिळाला; आणि त्यांनीं जिंकलेलीं स्थळें परत द्यावयाचीं असतां राजमाची मात्र त्यांजकडेच राहिली. १७३० मध्यें ती बाजीरावांकडे आली. म्हणजे सोळा-सतरा वर्षें कर्जतच्या माथ्यावरील किल्ल्यावर दर्याच्या सरदाराचें निशाण होतें. समुद्रावरील सरदारास सह्याद्रीच्या धारेवरील गडाचा एवढा आग्रह कां असावा? बोरघाटाची नाकेबंदी हें एक कारण उघडच आहे. त्याच्याच जोडीस घाटावरील धान्याची वाट व खालचें रान हींही कारणें धरावीं, असें आमचें अनुमान आहे. १७१४ ते १७३० या काळांतील राजमाचीच्या परिसराचा कोणताही कागद याच दृष्टीनें तपासला पाहिजे.

५. फसविणारे शब्द

येथें एक मोठी अडचण आहे. आरमारी पदांचे व वस्तूंचे पुष्कळ शब्द दुहेरी अर्थाचे आहेत. घाटाखालच्या दप्तरांत तेच शब्द निव्वळ जमिनीच्या अर्थानेंही येतात. केवळ शब्द सांपडला म्हणून आरमाराचा कागद सांपडला असें मानणाराची फसगत होईल, आणि शब्द ओळखीचा म्हणून सोडून देणारा खरा कागद गमावील. कांहीं शब्द खालीं देतों.

खलाशी: जहाजावरचा चाकर; तसाच फौजेंत तंबू उभारणारा व तोफखान्यांतील हमालही. बोरघाटानें फौजा सतत जात असल्यानें या भागांतील खलाशी बहुधा दुसऱ्या प्रकारचा.

तांडेल: जहाजाचा मुख्य, तसाच मजुरांच्या किंवा खलाशांच्या टोळीचा नाईक.

पाल: मोठें लढाऊ जहाज, तसाच लहान तंबू. यादींत पाल शब्दाजवळ तोफांचा आंकडा असेल तर जहाज, कनाती व मेखा असतील तर तंबू.

पडाव: मालवाहू होडी; तसाच फौजेचा मुक्काम.

नांगर: जहाजाचा लोखंडी नांगर, तसाच शेताचा. लोहाराच्या हिशेबांत नांगराचें वजन मणांत असेल व सोबत सांखळी असेल, तर तो शेतांत चालणारा नव्हे.

काठी: डोलकाठी, तशीच जमीन मोजण्याची काठी, जिच्या वीस म्हणजे एक पांड व वीस पांड म्हणजे एक बिघा. काठ्यांची लांबी-जाडी सांगितली असेल तर लांकूड, नुसता आंकडा असेल तर जमीन.

कोळी: किनाऱ्यावरील सोनकोळी दर्यावर्दी, कर्जतच्या डोंगराळ गांवांतील महादेव कोळी सर्वस्वीं निराळे. येथील कागदांतील कोळ्यास पुराव्यावांचून आरमारांत भरती करूं नये.

सुभा: मुलकी विभाग व आरमारी विभाग दोन्ही.

सरनोबत: या शब्दाचा नावेशीं कांहींएक संबंध नाहीं. नौबत म्हणजे पहारा व नगारा, त्यावरून हें पद. उच्चारसाम्यावरून तें आरमारी समजणारे आम्हीं पाहिले आहेत, म्हणून येथें मुद्दाम नमूद केलें.

या सर्वांवर एकच उपाय सांगतां येतो: शब्द एकटा वाचूं नये, त्याचा शेजार वाचावा, व त्यासोबत महिना पाहावा. पावसाळ्यांत समुद्र बंद असे. आरमार पावसाळ्यापूर्वीं सुरक्षित बंदरांत छावणीस नेण्याविषयीं आज्ञापत्रांत सूचना आहेत. रानांतील लांकूड कोरड्या दिवसांत तोडून वाहावयाचें. सबब हिवाळ्या-उन्हाळ्यांतील लांकडाच्या वाहतुकीची वेठ, आणि श्रावणानंतर धान्याची घाईची मागणी, या दोन गोष्टी एकाच सालच्या कागदांत आढळल्यास त्यांचा रोंख कोणत्या बंदराकडे आहे तें अवश्य पाहावें. कल्याण, वसई, पनवेल, आपटा, नागोठणें यांपैकीं एखादें नांव निघालें तर तो रुमाल निराळा बांधावा.

६. वाफेनंतरचीं पदें

पेशव्यांचें राज्य १८१८ सालीं गेलें व कुलाब्याची आंगऱ्यांची दौलत १८४० मध्यें खालसा झाली. त्याच सुमारास जहाजांची विद्याही पालटली. मुंबईच्या गोदींत बांधलेलें ‘ह्यू लिंडसे’ हें वाफेचें जहाज १८३० मध्यें सुएझकडे गेलें, तेव्हांपासून शिडाच्या दोरावरचा खलाशी मागें पडत गेला आणि बॉयलरपाशीं कोळसा टाकणारा, यंत्र चालविणारा व दुरुस्त करणारा असा नवा वर्ग पुढें आला.

हा नवा वर्ग तयार करण्याचें मोठें ठिकाण समुद्रावर नसून सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, ही गोष्ट आमच्या विषयास अतिशय अनुरूप आहे. खालापूर तालुक्याच्या वर, लोणावळ्यास कुरवंड्याच्या बाजूस, १५ फेब्रुवारी १९४५ रोजीं ‘शिवाजी’ हें नौदलाचें शिक्षणकेंद्र सुरू झालें. नौदलाच्या रिवाजाप्रमाणें जमिनीवरील या केंद्रासही जहाजाचेंच नांव व मान आहे. नौदलाचे यांत्रिक अधिकारी व इंजिनखान्याचे कारागीर येथें शिकतात. आग, पूर व अण्वस्त्रादिकांच्या माऱ्यापासून जहाज वांचविण्याची विद्याही येथेंच शिकवितात. ज्या बाजूनें कारतलबखान कोंकणांत उतरूं पाहत होता, त्याच बाजूस आज जहाजाचे वैद्य घडत आहेत. जुना सुतार खुंटी ठोकून भोंक बुजवी. त्याचा वारस येथें तेंच काम नव्या साधनांनीं शिकतो.

इतर पदांचेही असेच वारस आहेत. गोलंदाजाची विद्या आज कोचीच्या ‘द्रोणाचार्य’ केंद्रांत, विजेचीं कामें जामनगरच्या ‘वालसुरा’ केंद्रांत, आणि भांडार, हिशेब व मुदपाकखान्याचीं कामें मुंबईस मार्व्याच्या ‘हमला’ केंद्रांत शिकवितात. नौदलांत जमाखर्च व टिपणें लिहिणारास पद आहे, स्वयंपाक्यास पद आहे, पाणबुड्यास पद आहे. तरुणांस नौदलाच्या चाकरीची वाट विचारावयाची असेल, तर ‘पोहतां येतें काय’ या प्रश्नापुढें ‘हातीं कोणती विद्या आहे’ हा प्रश्न येतो. दौलतखानाच्या काळींही तो असाच होता.

एका पदाचें सामर्थ्य किती, याचा अलीकडचा दाखला १८ फेब्रुवारी १९४६ चा. मुंबईच्या ‘तलवार’ या संदेशविद्येच्या केंद्रांत खलाशांनीं संप पुकारला. बिनतारी यंत्रें ज्यांच्या हातीं, तेच लोक उठल्यामुळें ती वार्ता अल्पावकाशांत बंदरोबंदरीं पोंचली व कराचीपर्यंत जहाजें त्यांत सामील झालीं. तोफा ज्यांच्या हातीं होत्या त्यांच्या आधीं संदेश ज्यांच्या हातीं होते त्यांनीं इतिहास घडविला.

७. संग्राहकांस विनंती

वरील विवेचनावरून आमचा अभिप्राय स्पष्ट झाला असेल. आरमाराचा इतिहास पूर्ण व्हावयाचा तर सेनापतींच्या नामावळीवर थांबून भागणार नाहीं. पदवार माहिती जमविली पाहिजे, आणि त्यांपैकीं जमिनीवरील पदांचा पुरावा नद्यांच्या मुखाइतकाच त्यांच्या उगमाकडेही शोधिला पाहिजे. कर्जत व खालापूर येथील जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहणारांनीं पुढील गोष्टी पाळाव्या, अशी आमची विनंती आहे.

रुमाल सोडण्यापूर्वीं तो ज्या क्रमानें बांधला आहे त्याची नोंद करावी. यादीचा अर्थ पुष्कळदां शेजारच्या यादीवरून लागतो. सनदा वेंचून घेऊन बाकीचें टाकूं नये. लांकूड, लोखंड, ताग, काथ्या, तेल, धान्य व वेठ या विषयांची प्रत्येक यादी, एका ओळीची असली तरी, सुहूर सन व महिन्यासह टिपावी. दुहेरी अर्थाचा शब्द आल्यास त्याच्या मागच्यापुढच्या दोन-दोन ओळी जशाच्या तशा उतराव्या. आपला अर्थ कंसांत घालूं नये, निराळा लिहावा. मूळ कागद मालकापाशीं राहूं द्यावा, छायाचित्र घ्यावें. दुसऱ्या महायुद्धांत व नंतर नौदलांत चाकरी केलेल्यांचे वंशज या तालुक्यांत असतील. त्यांच्या घरचीं नेमणुकीचीं व निवृत्तीचीं पत्रें हींही याच इतिहासाचीं साधनें आहेत, तीं घरच्यांच्या संमतीनेंच पाहावीं.

किनाऱ्यावरचे किल्ले दगडाचे आहेत, ते आणखी कांहीं पिढ्या उभे राहतील. कागदास वाळवी, पाऊस व रद्दीवाला असे तीन शत्रू आहेत, आणि वाडा मोडणारा मुकादम हा चौथा. येत्या पावसाळ्यापूर्वीं ज्या घरांचें काम निघणार आहे, तेथील पोटमाळे आधीं पाहून घ्यावेत.